आजचं वाचन : गीता, अध्याय १६, श्लोक १३ ते १५



आजचे तीन श्लोक वाचताना मला हातकणंगल्याचं आमचं घर आठवलं. २३ ऑगस्ट २०२३. संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ उतरलं आणि मी सोप्यात अक्षरशः उडी मारली. पुढच्या पाच मिनिटांत स्टेटस टाकलं. चार दिवस आधी, १९ ऑगस्टला, रशियाचं लुना-२५ चंद्रावर आदळलं होतं. त्याची टिंगल होती त्यात. वर भगवा, तिरंगा, हात जोडलेले इमोजी. भक्तीच वाटत होती हो मला ती!

आजीनं विचारलं, काय लिवलंस? मी वाचून दाखवलं.

"आपलं उतरलं ते ब्येस झालं. पर त्येंचं पडलं, ह्यात तुला कसला आनंद रं?"

आजच्या श्लोकांत आसुरी माणूस मनात काय घोळवतो ते सांगितलंय. मिळवलेलं, मिळवायचं, हरवलेले शत्रू, आपल्याला तोड नाही ही खात्री. मला दचकायला होतं ते पुढे : याच यादीत यज्ञ आणि दानही आहे. म्हणजे काम चांगलं असलं की हेतू आपोआप सुटत नाही.

अंतराळाचंही तसंच आहे. आपल्या कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस विक्रम साराभाईंचे सहकारी. थुंबा ही जागा निवडण्यात त्यांचा वाटा होता. तिथल्या मासेमारांनी घरं सोडली, बिशपांनी भाविकांना विचारून चर्च दिलं आणि २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं रॉकेट उडालं. (आपलं मंदिर असं कुणी मागितलं तर? मी स्वतःला विचारून बघितलं. उत्तर लगेच आलं नाही.) चंद्राच्या शर्यतीत श्रीमंत देशांशी स्पर्धा करायची नाही, लोकांच्या प्रश्नांसाठी हे तंत्र वापरायचं, ही साराभाईंची भूमिका होती. त्यातूनच १९७५-७६ मध्ये 'साइट' झालं. उपग्रह अमेरिकेचा, कार्यक्रम आपले, शेती-आरोग्य-शिक्षणाचे, सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत. त्याची धुरा चिटणीसांकडे होती. तिसऱ्या अध्यायातला विसावा श्लोक ज्याला लोकसंग्रह म्हणतो, तो मला इथे दिसतो.

पण सगळंच असं नाही. २००७ मध्ये चीननं आपलाच उपग्रह क्षेपणास्त्रानं फोडला. त्याचे हजारो तुकडे झाले आणि पुष्कळसे अजून फिरतायत. २७ मार्च २०१९ ला आपणही एक फोडला. कचरा लवकर खाली यावा म्हणून कमी उंची निवडली होती, तरी काही तुकडे वर फेकले गेलेच. संरक्षणासाठी ते गरजेचं होतं असं म्हणणारे आहेत, त्यांचं म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही. पण त्या दिवशीही मी नाचलोच होतो, आणि तेव्हा डोक्यात संरक्षण-बिंरक्षण काही नव्हतं. 'आता कोण आहे आमच्यासारखं' एवढंच होतं. अगदी पंधराव्या श्लोकातलं.

१९६७ चा अंतराळ करार चंद्रावर कुणा देशाची मालकी मानत नाही. भारतानंही तो स्वीकारलाय. आजीला करार माहीत नव्हता.

स्टेटस मी तिच्यासमोरच काढलं. मग तिनं विचारलं, "आता ती गाडी तिथं काय करनार हाय?"

मला सांगता येईना. टिंगल करण्याआधी मी तेवढंही वाचलं नव्हतं.