प्रिंटर अडला की फोन कोणाला जातो?

दहावी-बारावीचे निकाल लागले की परभणी, जिंतूर, गंगाखेडच्या सेतू केंद्रांपुढे रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, डोमिसाइल. नेमका तेव्हाच प्रिंटर अडतो. केंद्रचालक तो बंद-चालू करतो, केबल हलवून बघतो आणि शेवटी कोणाला तरी फोन लावतो. 'कॉम्प्युटरमधलं काहीतरी कर' असं मुलांना सांगणाऱ्या पालकांनी या फोनचा जरूर विचार करावा. पुण्याच्या आयटी कंपनीपलीकडेही संगणकाचं काम आहे आणि ते आपल्या परभणी जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत आहे: तहसील, पतसंस्था, दवाखाने, मानवत-सेलूच्या जिनिंग, कृषी विद्यापीठातले विभाग. पाच-दहा संगणक, एक स्विच, एक-दोन प्रिंटर आणि नीट जोडणारा माणूस नाही.

नेटवर्क आणि प्रिंटरचं नातं जुनंच आहे. 1973 मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली, तेव्हा सगळ्या संगणकांना एकच नवा लेझर प्रिंटर वापरता यावा, ही त्यामागची एक मोठी गरज होती.

या दुरुस्तीच्या कामात पाठांतर चालत नाही, क्रम लागतो. प्रिंट एकाच संगणकावरून निघत नाही की सगळ्यांवरून, हे आधी विचारायचं. मग स्विचवरचा दिवा बघायचा. दिवा नसेल तर चांगली केबल लावून पाहायची. संगणकाचा आयपी 169.254 ने सुरू होत असेल, तर राउटरकडून त्याला पत्ता मिळालेलाच नाही. प्रिंटरला पिंग केल्यावर उत्तर आलं, तर वायरला दोष देऊ नये. अडकलेली रांग, स्पूलर, ड्रायव्हर, पोर्ट तपासावेत. आपल्याकडे नेहमी दिसणारं दुखणं वेगळंच: लाइट जाते, परत आल्यावर राउटर प्रिंटरला नवा पत्ता देतो आणि संगणक जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसतात. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवला की प्रश्न मिटतो. हे न कळणारा मात्र दर वेळी ड्रायव्हर नव्याने टाकतो, पैसे घेतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो.

केबलचंही तसंच. आठ रंगांचा क्रम सगळे पाठ करतात, पण जोड्या का जपायच्या हे थोड्यांनाच माहीत असतं. तिसरी आणि सहावी तार एकाच पिळाची हवी. दोन्ही टोकांना सारखीच चूक केली तर स्वस्त टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात, तरी नेटवर्क रडतं. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल, शंभर मीटरच्या पुढे ओढलेली लाइन, उंदरांनी कुरतडलेलं टोक, गच्चीवर परभणीच्या उन्हात तडकलेलं आवरण हे सगळं डोळ्यांनी आणि हातांनीच शिकायचं असतं.

शिक्षणाचे रस्ते तीन. दहावीनंतर आयटीआयचा एक वर्षाचा कोपा ट्रेड, पण त्यात भर संगणक चालवण्यावर. दुरुस्तीची आवड असेल तर सिस्टीम मेंटेनन्सचा दोन वर्षांचा ट्रेड बघावा. कोणत्या आयटीआयमध्ये जागा आहेत, ते प्रवेशाच्या वेळी तपासावं. गणित बरं असेल तर तीन वर्षांची पदविका, म्हणजे पुढे अभियांत्रिकीचं दारही उघडं राहतं. एमएस-सीआयटी करावी, पण तिला हे शिक्षण समजू नये. सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेसाठी घाई नको. हाताला सवय झाल्यावर ती परीक्षा खरी उपयोगी पडते.

पगाराचंही स्पष्ट सांगतो. सुरुवातीला तो कमीच असतो. नुसतं कार्ट्रिज भरत बसलेला मुलगा तिथेच अडकतो. सीसीटीव्ही, वाय-फाय, फायरवॉल, बॅकअप शिकत जाणाऱ्याला मात्र कार्यालयं वर्षाच्या देखभालीचा करार देतात. सप्टेंबर 2021 मध्ये विंडोजच्या सुरक्षा अपडेटनंतर ठिकठिकाणी शेअर केलेले प्रिंटर बंद पडले, तेव्हा कारण वाचून समजून घेणारे आणि नुसते ड्रायव्हर बदलत बसणारे वेगळे ओळखू आले. इंग्रजी सूचना वाचता येण्याची गरज इथे लागते, एवढीच. आणि मुलींना हे काम जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी कृपया कारण सांगावं. मला तरी ते सापडलेलं नाही.

पालकहो, खासगी क्लासची फी भरण्याआधी एकच विचारा: प्रत्येक मुलाच्या हातात क्रिम्पिंग टूल देता का, आणि मुद्दाम बिघडवलेलं नेटवर्क त्याच्याकडून दुरुस्त करून घेता का? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे भरू नका.