ध्वनिचित्रफितीचे संकलन : काही अडचणी व त्यांवरील उपाय

(द्वितीय वर्ष कला)

कवठे येमाई (ता. शिरूर) हे माझे गाव. येमाई देवीचे मंदिर आणि लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर यांच्यामुळे आमच्या गावाचे नाव पुष्कळांना ठाऊक आहे. माझी आजी शाळेत कधी गेली नाही. पण जात्यावरच्या ओव्या तिला कितीतरी पाठ होत्या. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी तिला ओसरीवर जात्याशी बसवले आणि वडिलांच्या मोबाइलवर वीस मिनिटांचे चित्रण केले. फाल्गुनात आजी गेली.

पुढे ते चित्रण संगणकावर घेतले, तेव्हा एक विचित्र गोष्ट ध्यानात आली. सुरुवातीला ओठ आणि आवाज बरोबर जुळत होते. पण शेवटाकडे आजीचे ओठ मिटत आणि ओवी मात्र चालूच राही. पुन्हा चित्रण करणे आता शक्य नव्हते. महाविद्यालयात शिकणारी घरातली मी पहिलीच. त्यामुळे घरी विचारावे असे कुणी नव्हते. महाविद्यालयातील जुन्या संगणकावर चुका करत करत जे शिकले, ते मित्रमैत्रिणींच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहे. मी ‘शॉटकट’ हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर वापरले. तथापि पुढील गोष्टी बहुतेक सर्व सॉफ्टवेअरना लागू आहेत.

संकलन म्हणजे काय?

संकलन म्हणजे चित्रणाचे हवे ते तुकडे निवडून योग्य क्रमाने जोडणे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा फिल्म हाताने कापून चिकटवावी लागे. फिल्मवरील कामात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा मोठा वाटा होता. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि संकलन हा तेथे रीतसर शिकवण्याचा विषय झाला. फिल्मच्या काळात संकलक कात्री चालवी ती छापून घेतलेल्या प्रतीवर; मूळ निगेटिव्हला शेवटचा निर्णय होईपर्यंत कुणी हात लावत नसे.

संगणकावरही तत्त्व हेच आहे. आपण ‘काप’ म्हणतो तेव्हा मूळ चित्रण कापले जात नाही. कोणत्या फाइलमधून कोणत्या सेकंदापासून कोणत्या सेकंदापर्यंत घ्यायचे, याची फक्त नोंद होते. या नोंदींची फाइल म्हणजे ‘प्रोजेक्ट’. शेतकऱ्याच्या मुलांना हे चटकन समजेल : मूळ चित्रण म्हणजे जमीन आणि प्रोजेक्ट म्हणजे सातबारा. उतारा हरवला तर पुन्हा काढता येतो. जमीनच गेली तर उतारा काय कामाचा? म्हणून पहिला नियम असा, की मूळ फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि त्यानंतरच कामाला बसावे.

अडचण पहिली : ओठ आणि आवाज जुळत नाहीत

मोबाइल दर सेकंदाला ३० चित्रे घेतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात उजेड कमी पडला की तो काही चित्रे कमी घेतो. आमच्या ओसरीवर उजेड बेताचाच होता. वीस मिनिटांची ३६,००० चित्रे व्हायला हवीत. त्यात ६० जरी कमी पडली आणि सॉफ्टवेअरने सेकंदाला ३० हाच हिशेब धरला, तरी चित्र दोन सेकंद आधी संपते. आवाज मात्र आपल्या गतीने चालतो. म्हणून चूक सुरुवातीला दिसत नाही. ती हळूहळू वाढत जाते.

मी आधी आवाजाचे तुकडे करून एकेक सरकवत बसले. तीन दिवस गेले आणि जात्याची घरघर जागोजागी तुटली. खरा उपाय सोपा होता. संकलनापूर्वी फाइल ठरावीक गतीची करून घ्यावी. शॉटकटमध्ये त्यासाठी संकलनास सोयीच्या स्वरूपात रूपांतर करण्याची सोय आहे. ‘हँडब्रेक’ या मोफत सॉफ्टवेअरमध्येही ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवडून हे करता येते. मात्र त्यासाठी मोबाइलमधली मूळ फाइलच हवी. माझ्याकडे ती होती म्हणूनच काम झाले.

चूक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच असेल, तर मात्र आवाजाचा पट्टा एकदाच सरकवला की भागते. उपाय करण्यापूर्वी फीत आरंभी, मध्ये आणि शेवटी अशी तीन ठिकाणी तपासावी.

अडचण दुसरी : फाइल सापडत नाही

पेनड्राइव्हवरून काम केले, पेनड्राइव्ह काढला आणि दुसऱ्या दिवशी चित्राच्या जागी काळे चौकोन दिसले, असे पुष्कळांचे होते. फाइल नष्ट झालेली नसते. नोंदीतला पत्ता चुकलेला असतो. चित्रण, आवाज, छायाचित्रे आणि प्रोजेक्ट हे सारे आरंभीच एका फोल्डरमध्ये ठेवावे व हलवायचे तर सबंध फोल्डरच हलवावे. जुन्या पद्धतीने, म्हणजे ‘फॅट ३२’ने, तयार केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, हेही ध्यानात असावे.

अडचण तिसरी : संगणक अडखळतो, वीज जाते

जुन्या संगणकावर चित्र थांबत थांबत चालते. अशा वेळी ‘प्रॉक्सी’ची सोय वापरावी. सॉफ्टवेअर हलकी, लहान प्रत तयार करून कामापुरती तीच दाखवते आणि अंतिम फीत मूळ चित्रणातूनच बनवते. खेड्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. म्हणून दर पाच मिनिटांनी काम जतन करण्याची सवय लावावी व रोज नव्या नावाने एक प्रत ठेवावी.

अडचण चौथी : मराठी अक्षरे फुटतात

ओव्यांचे शब्द चित्राखाली देताना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाते, जोडाक्षरे सुटी होतात. ‘मुक्त’ किंवा ‘नोटो’ यांसारखा युनिकोड देवनागरी टंक निवडावा. ‘प्रीमिअर’मध्ये मजकुराच्या मांडणीसाठी दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडावा लागतो. काहीच जमले नाही तर शब्द दुसरीकडे लिहून त्यांचे चित्र करावे व ते चित्रणावर ठेवावे.

अडचण पाचवी : फीत फार मोठी होते

येथे साधे गणित कामी येते. सेकंदाला ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट. म्हणजेच मिनिटाला ६० आणि दहा मिनिटांना ६०० मेगाबाइट. वेग निम्मा केला की आकार निम्मा होतो. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फीत पाठवली की तिचा दर्जा घटतो. ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

चित्रणाच्या वेळीच

काही दोष पुढे सुधारता येत नाहीत. संबळ किंवा ढोलकीचा आवाज नोंदतानाच फाटला, तर तो पूर्ववत होत नाही. मोबाइल थोडा दूर ठेवावा. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने काही दिव्यांच्या उजेडात चित्र लुकलुकते. सोय असल्यास सेकंदाला २५ चित्रे व शटर १/५० ठेवावे. आरंभी एक टाळी वाजवावी, म्हणजे आवाज जुळवताना खूण मिळते. शेवटी गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख बोलून घ्यावी. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या आज ‘पारी’च्या संग्रहात वाचता येतात, तेथे ओवीसोबत गाणारीचे नाव व गावही आढळते. नाव नसलेली ओवी पुढे कुणाची राहत नाही.

नीट झालेली फीत मी घरी सर्वांना दाखवली. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आता आईच गातीया बघ.” वडिलांनी पुन्हा एकदा लावायला सांगितले.

वाचक मित्रहो, आपल्याही घरी कुणी आजी, कुणी आजोबा असतील. येत्या सुटीत त्यांच्यासमोर मोबाइल ठेवा. आणि मूळ फाइल तेवढी जपा. बाकी सारे दुरुस्त करता येते.