जुनी होडी विकताना

खाडीत पडलेला सांगाडा कोणाचाच नसतो. तो काढायचा खर्च निघाला, की मात्र कागदावरचा मालक बरोबर सापडतो.

मी ठाण्यातल्या वर्तकनगरचा, आजोळ तिथल्याच चेंदणी कोळीवाड्यातलं. मामाने थकल्यावर फायबरची होडी एकाला विकली. घेणाऱ्याने मशीन काढून नेलं आणि रिकामी होडी कोलशेतच्या अंगाला तिवरांत सोडून दिली. पुढे उधाणात ती सुटली आणि कोणाचं तरी जाळं फाडून गेली. नंबर अजून वाचता येत होता, नोंदणी मामाच्या नावावर होती. लोक दारात आले तेव्हा घेणाऱ्याचा फोन बंद.

कागदांची पिशवी घेऊन फिरलो मी. एका टेबलावर म्हणाले, मासेमारीची होडी, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, खाडीतला अडथळा आमचा नाही. तिसऱ्याला तिवरं आठवली. काढा असं सगळेच म्हणत. पैसे कोणत्या शीर्षाखाली टाकायचे, हे कोणी सांगेना. शेवटी मामानेच पदरमोड करून भरतीवर होडी ओढून आणली.

यात एक गोम आहे. १९०८च्या बंदर कायद्यात बंदराच्या हद्दीत वाहतूक अडवणारं जहाज काढून विकायचं आणि खर्च त्यातूनच वसूल करायचा, अशी सोय होती. लोखंडी जहाजाला ते जमतं, भंगाराला भाव असतो. लाकडी होडीच्या फळ्या निदान चुलीत जातात. फायबर भंगारवाला हातात धरत नाही. आणि लोखंडाचंही सुरळीत होतं असं नाही : ३ जून २०२०ला निसर्ग वादळात रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर आदळलेलं ‘बसरा स्टार’ वर्षानुवर्षं तिथेच कुजत राहिलं.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २००२ साली यासाठी वेगळा निधीच केला. नौकांच्या नोंदणी शुल्कातला वाटा त्यात जातो, आणि बेवारस नौका काढणाऱ्या स्थानिक संस्थेला खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम परत मिळते. पुढे होडी बुडण्याआधीच मालकाने ती आणून द्यावी, अशीही सोय झाली. मला हे दुसरं जास्त पटतं. पाण्यावर असलेली होडी ओढायला दोरी पुरते, चिखलात रुतलेलीला क्रेन लागते.

आपल्याकडे तसं होईपर्यंत एवढं करा. होडी विकताना तोंडी व्यवहार नको. नोंदणी घेणाऱ्याच्या नावावर झाल्याशिवाय मशीन उतरवू देऊ नका. मोडीतच काढायची असेल तर नोंदणी रद्द करून घ्या, नंबर खरवडा, डिझेल आणि बॅटरी आधी बाहेर काढा. फायबर कापताना तोंडाला मास्क हवाच; त्याची काचेसारखी धूळ छातीत बसते. तिवरांवरून फरफटत आणू नका, नाहीतर तिवरं मोडल्याचं वेगळंच प्रकरण मागे लागेल.

दुसऱ्याची बेवारस होडी दिसली तर ओहोटीला नंबरासकट फोटो काढा आणि अर्ज एकट्याने नव्हे, मच्छीमार सोसायटीच्या लेटरहेडवर द्या. सागरी मंडळ, मत्स्यव्यवसाय विभाग, तहसीलदार : तिघांना एकच अर्ज, प्रत्येकाच्या प्रतीवर इतर दोघांची नावं. म्हणजे ‘तिकडे जा’ म्हणायला जागा उरत नाही.

आणि एक. कोलशेतची ही खाडी आता राष्ट्रीय जलमार्ग ५३मध्ये आहे. कोलशेत, काल्हेर, डोंबिवलीच्या जेट्ट्यांवर पैसा खर्च होतो. नगरसेवक, आमदार जेट्टीचं बोलायला आले, की पात्रातले सांगाडे काढायची रक्कम अंदाजपत्रकात कुठे आहे, हे तिथल्या तिथे विचारा.