घटक ७ : विशेष कर-क्षेत्रे आणि वस्तीतील रस्त्यांची देखभाल

७.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणास –
• विशेष कर-क्षेत्राची संकल्पना स्पष्ट करता येईल.
• विशेष कर आणि लाभ-आकारणी यांतील फरक सांगता येईल.
• या पद्धतीचे गुणदोष समन्यायाच्या दृष्टीने तपासता येतील.

७.१ प्रास्ताविक

डांबरी रस्त्याला पडलेली भेग वेळीच बुजवली नाही, तर पाणी आत मुरते, खालचा थर खचतो आणि किरकोळ डागडुजीच्या जागी संपूर्ण रस्ता नव्याने बांधावा लागतो. म्हणून देखभालीसाठी दरवर्षी खात्रीने मिळणारा निधी आवश्यक असतो. तो कोणी द्यावा? संपूर्ण शहराने, की त्या रस्त्यावर राहणाऱ्यांनी? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने या प्रश्नाला दिलेले उत्तर आपण या घटकात अभ्यासणार आहोत.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियात नगरपालिका हद्दीबाहेरील भागाचा कारभार काउंटी ही स्थानिक शासनसंस्था पाहते. मात्र तेथील प्रत्येक रस्त्याची देखभाल काउंटी करतेच असे नाही. विकासकाने भूखंड पाडताना आखलेले अनेक रस्ते काउंटीने देखभालीसाठी स्वीकारलेले नसतात. अशा ठिकाणी रहिवासी आपापसांत वर्गणी काढतात. पण वर्गणी न देणाऱ्यालाही तोच रस्ता वापरता येतो. अर्थशास्त्रात यास ‘फुकट लाभार्थीची समस्या’ म्हणतात. देणाऱ्यांचा उत्साह ओसरतो आणि रस्ता उखडत जातो.

१९७८ साली मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रस्ताव १३’ने मालमत्ता करावर मूल्याच्या १ टक्का अशी सर्वसाधारण मर्यादा घातली. मालकी बदलेपर्यंत करपात्र मूल्यातील वाढही वर्षाला २ टक्क्यांपर्यंत सीमित झाली. परिणामी स्थानिक संस्था उत्पन्नाचे अन्य मार्ग शोधू लागल्या. ठरावीक सीमेतील मिळकतींवर, ठरावीक सेवेसाठी आकारणी करणारे विशेष कर-क्षेत्र हा त्यांपैकी एक मार्ग होय.

७.२.२ निधी उभारण्याचे दोन मार्ग

(अ) विशेष कर : हा विशिष्ट प्रयोजनासाठीच खर्च करता येतो. स्थानिक शासनसंस्थेने मांडलेल्या अशा कराला मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश मतदारांची संमती लागते. भाडेकरूही नोंदणीकृत मतदार असल्यास मत देऊ शकतो.

(आ) लाभ-आकारणी : ही मिळकतीला होणाऱ्या लाभाच्या प्रमाणात असते. १९९६ च्या ‘प्रस्ताव २१८’नुसार मिळकतीचा ‘विशेष लाभ’ आणि सर्वांना मिळणारा ‘सर्वसाधारण लाभ’ वेगळे करावे लागतात. आकारणी केवळ विशेष लाभापुरतीच करता येते. सुनावणीपूर्वी किमान ४५ दिवस मिळकतधारकांना सूचना व मतपत्रिका पाठवली जाते. आलेल्या मतांचे वजन आकारणीच्या रकमेनुसार ठरते. विरोधाचे वजन अधिक भरल्यास आकारणी लागू करता येत नाही.

७.२.३ काल्पनिक उदाहरण

एका वस्तीत ६० घरे व २० मोकळे भूखंड आहेत. देखभालीचा वार्षिक खर्च ५०,००० डॉलर आहे. बाहेरील वाहनांच्या वापरामुळे त्यातील ८,००० डॉलर सर्वसाधारण लाभाचे मानले. हा भाग अन्य निधीतून भागवावा लागेल. उरलेल्या ४२,००० डॉलरसाठी घराला १ एकक व भूखंडाला अर्धे एकक धरल्यास एकूण ७० एकके होतात. म्हणजे प्रत्येक घराला ६०० व प्रत्येक भूखंडाला ३०० डॉलर भरावे लागतील.

समजा, २८ घरांनी अनुकूल मत दिले, तर १८ घरे व १६ भूखंड यांनी विरोध केला. अनुकूल मतांचे वजन १६,८०० आणि विरोधी मतांचे १५,६०० भरते. डोकी मोजली तर ३४ विरुद्ध २८ असा पराभव होतो, परंतु वजनाने आकारणी मंजूर होते.

७.२.४ मूल्यमापन

या पद्धतीत पैसा त्याच क्षेत्रात खर्च होतो, त्यामुळे भरलेल्या रकमेचा हिशेब नागरिकाला डोळ्यांसमोर दिसतो. वर्गणी चुकवणाऱ्यालाही भार उचलावा लागतो.

तथापि मर्यादाही गंभीर आहेत. लाभ-आकारणीत मत मुख्यतः मिळकतधारकाचे असते. कर थेट भरण्याची जबाबदारी नसलेल्या भाडेकरूला मत मिळत नाही, पण वाढीव भाड्याच्या रूपाने तो भार त्याच्यावर येऊ शकतो. घरांवरील आकारणी समान असल्यास निवृत्त वृद्धेला आणि सधन शेजाऱ्याला सारखेच ६०० डॉलर भरावे लागतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या वस्तीला पैसे देणे परवडते तिचे रस्ते सुधारतात आणि ज्या वस्तीला परवडत नाही ती मागेच राहते. ‘लाभ घेणाऱ्याने द्यावे’ आणि ‘ऐपतीनुसार द्यावे’ या दोन तत्त्वांतील हा संघर्ष आहे.

तुलनेसाठी बृहन्मुंबई महानगरपालिकेचे मालमत्ता कराचे देयक पाहावे. त्यात ‘पथ कर’ स्वतंत्रपणे दाखवला जातो, पण तो संपूर्ण शहरासाठी असतो. करदात्याच्या गल्लीशी ती रक्कम बांधलेली नसते. त्यामुळे सधन विभागाचा पैसा गरीब विभागासाठी वापरता येतो, मात्र आपल्या गल्लीसाठी किती खर्च झाला हे त्या देयकावरून कळत नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘प्रस्ताव १३’ कोणत्या वर्षी मंजूर झाला?
२. लाभ-आकारणीत मतांचे वजन कशावरून ठरते?
३. वरील उदाहरणात सर्व २० भूखंडांनी विरोध केला असता, तर निकाल बदलला असता का?

७.३ सारांश

विशेष कर-क्षेत्र वर्गणीच्या अनिश्चिततेतून देखभालीला सोडवते आणि खर्चाचा हिशेब रहिवाशांच्या जवळ आणते. परंतु क्षेत्राची सीमा आखताना सामायिक जबाबदारीचीही सीमा आखली जाते. म्हणून निधी किती जमला याबरोबरच सीमेबाहेर कोण राहिले, हेही अभ्यासकाने विचारले पाहिजे.

७.४ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. १९७८. २. मिळकतीवरील प्रस्तावित आकारणीच्या रकमेवरून. ३. नाही. आणखी ४ भूखंडांमुळे विरोधाचे वजन १,२०० ने वाढून १६,८०० झाले असते. वजन समसमान होते, विरोध अधिक ठरत नाही. म्हणून आकारणी नामंजूर झाली नसती.

७.५ सरावासाठी स्वाध्याय

आपल्या परिसरातील एका अंतर्गत रस्त्याची देखभाल कोण करते व खर्च कोठून होतो, याची माहिती घ्या. तेथे विशेष कर-क्षेत्र योग्य ठरेल का, ते सुमारे २०० शब्दांत सकारण लिहा.