इको नॉर्मल आला, पुढे?

"क्ली कातडीच्या आजाराने गेला म्हणतात. कातडीने माणूस जातो का, मावशी?" चित्रकला शिकणाऱ्या सईने विचारलं. मावशी संधिवाततज्ज्ञ.

"पॉल क्ली १९४० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये गेला. हयातीत त्याचं निदान झालंच नाही. सिस्टेमिक स्क्लेरोसिस असावा, हा अंदाज पुढे डॉक्टरांनी बांधला. आणि हा आजार नुसता कातडीचा नाही गं. ताठरलेली बोटं दिसतात, ताठरलेलं हृदय दिसत नाही."

"हृदय कसं ताठरतं?"

"थंडीत या रुग्णांची बोटं पांढरी-निळी पडतात. हृदयाच्या स्नायूतल्या बारीक रक्तवाहिन्याही तशाच आकसतात. रक्ताविना जागोजागी चट्टे पडतात. मोठ्या धमन्या बऱ्याचदा मोकळ्याच, त्यामुळे अँजिओग्राफीत काही सापडत नाही."

"मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी?"

"तिथेच घोडं अडतं. पंपिंग ६० टक्के म्हटलं की सगळे निर्धास्त! पण आकुंचन चांगलं आणि सैल होणं वाईट, असंही हृदय असतं. म्हणून इकोत ती सैलावण्याची क्षमताही तपासायची. ठोके चुकतात का, हे २४ तासांच्या होल्टरवर कळतं. चट्टे पाहायचे तर एमआरआय. रक्तात ट्रोपोनिन, म्हणजे स्नायूला इजा झाल्याची खूण, आणि एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे हृदयावरच्या ताणाची खूण. त्यातही मेख आहे: हातापायांच्या स्नायूंना सूज असेल तर ट्रोपोनिन टी तिथूनही वाढतं, तेव्हा ट्रोपोनिन आय बघितलेलं बरं."

सईला हे सगळं अतिच वाटलं. काही त्रास नसलेल्या माणसाला एवढ्या तपासण्या?

"दम लागेपर्यंत थांबलं तर बराच उशीर झालेला असतो," मावशी म्हणाली. युरोपातल्या युस्टार नोंदणीचा २०१० चा अभ्यास तिला तोंडपाठ होता: थेट या आजाराने झालेल्या मृत्यूंपैकी २६ टक्के हृदयामुळे, आणखी २६ टक्के फुप्फुसांच्या धमन्यांमधल्या वाढलेल्या दाबामुळे. या दुसऱ्या प्रकारात हृदयाची उजवी बाजू ढकलून ढकलून थकते.

"तो दाब आधी कळतो?"

"२०१४ मध्ये 'डिटेक्ट' नावाची पद्धत आली. आजाराला तीन वर्षं उलटलेल्या आणि फुप्फुसांची वायू शोषण्याची क्षमता ६० टक्क्यांखाली गेलेल्या रुग्णांसाठी. आधी ईसीजी, फुप्फुसांची चाचणी, त्वचेवरचे लाल ठिपके, रक्तातली प्रतिपिंडं, एनटी-प्रोबीएनपी, यूरिक ॲसिड..."

"यूरिक ॲसिड? ते तर गाउटचं ना?"

"उजवं हृदय ताणाखाली असलं की तेही चढतं. या सगळ्यांचे गुण जास्त भरले तरच इको, आणि इकोतही शंका आली तर उजव्या हृदयात कॅथेटर घालून दाब मोजायचा. त्या अभ्यासात, दाब खरोखर वाढलेल्यांपैकी फक्त ४ टक्के रुग्ण या चाळणीतून निसटले. तेव्हाच्या रूढ निकषांतून २९ टक्के."