रायफलच्या बेडिंगसाठी रिलीज एजंट कोणता?

रायफलची ॲक्शन दस्त्यात इपॉक्सीने बसवताना धातू आणि इपॉक्सी यांच्यामध्ये रिलीज एजंटचा थर लागतो. तो नसेल तर ॲक्शन दस्त्याला कायमची चिकटते. बहुतेकांसाठी मेणाची पेस्ट सर्वांत सोयीची. कार्नौबा मेणाचे दोन पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात सुकल्यावर कापडाने घासावा. रंगहीन बूटपॉलिशही चालते. थर पातळ असल्याने इपॉक्सीत ॲक्शनचा ठसा हुबेहूब उमटतो. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल अधिक खात्रीचे आणि पाण्याने धुऊन निघणारे. मात्र त्याचे ओघळ राहिले तर तेही ठशात उतरतात. सिलिकॉनचा स्प्रे टाळलेला बरा: तो लाकडावर उडाला की तिथे इपॉक्सी धरत नाही.

ॲक्शन अडकते तेव्हा दोष बहुधा रिलीज एजंटचा नसतोच. खाचा, भोके आणि ट्रिगरची पोकळी यांत इपॉक्सी शिरून घट्ट झाले, की कोणतेही मेण कामाला येत नाही. म्हणून त्या जागा आधी मॉडेलिंग क्लेने भराव्यात. रिकॉइल लगच्या पुढच्या, खालच्या आणि बाजूंच्या पृष्ठांवर टेप लावावी. मागचे पृष्ठ मोकळे ठेवावे, कारण धक्का तेच दस्त्याकडे पोचवते. त्यावर मेण मात्र हवेच, आणि स्क्रूंच्या आट्यांवरही. विसर पडतो तो नेमका तिथेच.