एचआयव्हीसह हिपॅटायटिस सी : उपचाराचा निर्णय आणि प्रतीक्षेची किंमत

उपचार केव्हा सुरू करावा, हा प्रश्न सकृद्दर्शनी वैद्यकीय असला तरी त्याला एक आर्थिक बाजूही असते. औषधाचा खर्च, बुडणारी मजुरी, यशाची शक्यता आणि थांबल्यास होणारी हानी यांचा ताळा रुग्ण व त्याचे कुटुंब कळत-नकळत मांडतच असतात. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला हिपॅटायटिस सी असल्याचेही निदान झाले, की हा ताळा अधिक गुंतागुंतीचा होतो. गेल्या दोन दशकांत त्यातील जवळजवळ प्रत्येक आकडा बदलला आहे. निर्णय मात्र पुष्कळदा जुन्याच आकड्यांवर घेतला जातो.

म्हैसूरची पार्श्वभूमी

शासनाने १ एप्रिल २००४ रोजी एचआयव्हीवरील मोफत औषधोपचार सुरू केला, तेव्हा निवडलेल्या अधिक प्रादुर्भावाच्या सहा राज्यांत महाराष्ट्राप्रमाणे कर्नाटकही होते. म्हैसूर शहरात या कामाची परंपरा त्याआधीपासूनची आहे. आशाकिरण रुग्णालय १९९७ पासून या क्षेत्रात आहे, तर देहविक्रय करणाऱ्या व्यक्तींनी स्वतः उभारलेली 'अशोदया समिती' २००५ पासून प्रतिबंधाचे व आधाराचे काम करीत आली आहे. या भागात एचआयव्हीचा प्रसार मुख्यतः लैंगिक संबंधांतून झाला. हिपॅटायटिस सी प्रामुख्याने रक्तावाटे पसरतो. त्यामुळे सुईवाटे अमली पदार्थ घेण्याचे प्रमाण अधिक असलेल्या मणिपूर वा पंजाबच्या तुलनेत येथे दुहेरी संसर्ग कमी आढळतो. परंतु जुने रक्तसंक्रमण, निर्जंतुक न केलेल्या सुया आणि डायलिसिस हे मार्ग येथेही आहेतच. जेथे आजार कमी आढळतो, तेथे तपासणी राहून जाण्याचा संभव अधिक असतो.

थांबणे शहाणपणाचे होते तो काळ

हिपॅटायटिस सीच्या विषाणूचा शोध १९८९ साली लागला. पुढे बराच काळ इंटरफेरॉनची इंजेक्शने व रिबाविरिनच्या गोळ्या हाच उपचार होता. दुहेरी संसर्ग असणाऱ्यांना तो साधारणतः ४८ आठवडे घ्यावा लागे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत अशा रुग्णांपैकी सुमारे ४० टक्केच विषाणुमुक्त झाले. ताप, नैराश्य व रक्तक्षय हे दुष्परिणाम नित्याचे होते. त्या काळी एचआयव्हीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या झिडोव्ह्युडिनमुळे रक्तक्षय अधिकच वाढे. खर्च काही लाख रुपयांचा, यशाची शक्यता निम्म्याहून कमी आणि वर्षभर कामावर जाण्याची खात्री नाही, अशा स्थितीत 'यकृत बरे आहे तोवर थांबू' हा निर्णय तर्कशुद्धच होता. प्रतीक्षेला त्या वेळी खरोखरच मोल होते, कारण अधिक चांगली औषधे येऊ घातली होती.

बदललेले गणित

डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिरला मान्यता मिळाली. तेथे बारा आठवड्यांच्या उपचाराची किंमत ८४,००० डॉलर ठरली. सप्टेंबर २०१४ मध्ये मूळ कंपनीने सात भारतीय उत्पादकांना परवाने दिले व भारतासाठी स्वतःची किंमत दरमहा ३०० डॉलर जाहीर केली. मार्च २०१५ पासून भारतीय उत्पादने बाजारात आली आणि स्पर्धेमुळे भाव झपाट्याने उतरले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सोफोसबुव्हिर व डाक्लाटास्विर बारा आठवडे घेतलेल्या दुहेरी संसर्गाच्या रुग्णांपैकी ९७ टक्के विषाणुमुक्त झाले. अखेर २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम सुरू होऊन तपासणी व औषधे मोफत उपलब्ध झाली.

याउलट थांबण्याची किंमत कमी झालेली नाही. एचआयव्हीमुळे यकृताची हानी अधिक वेगाने होते. यकृतकाठिण्य जडल्यानंतर विषाणू नाहीसा झाला तरी यकृताच्या कर्करोगाचा धोका राहतो व तपासण्या चालूच ठेवाव्या लागतात. म्हणून आज सर्वसाधारण रुग्णासाठी प्रतीक्षेतून मिळणारा लाभ जवळजवळ उरलेला नाही.

निर्णयापूर्वीची पथ्ये

असे असले तरी उपचाराचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रतिपिंडे आढळली म्हणजे विषाणू आहेच असे नाही. काहींच्या शरीरातून तो आपोआप नाहीसा होतो. रक्तात विषाणू असल्याची खात्री करणारी आरएनए चाचणी आवश्यक असते. एचआयव्हीचा उपचार सुरू नसेल किंवा सीडी-४ पेशी फारच कमी असतील, तर प्रथम तो उपचार स्थिर करणे इष्ट असते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन चालू असेल तर आधी तो उपचार पूर्ण करावा लागतो, कारण त्याने नव्या औषधांचा प्रभाव घटतो. एफाव्हिरेन्झ घेणाऱ्यास डाक्लाटास्विरची मात्रा वाढवावी लागते, तर व्हेल्पाटास्विर त्यासोबत देत नाहीत. डोल्युटेग्राव्हिरच्या बाबतीत ही अडचण नाही. हिपॅटायटिस बीची तपासणीही आधी करावी, कारण सी हटताना बी उफाळू शकतो. म्हणूनच चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगणे आणि एचआयव्हीची औषधे स्वतःहून न थांबवणे, ही रुग्णाची जबाबदारी ठरते.

मोफत औषधाचा न दिसणारा खर्च

औषध मोफत झाले म्हणजे उपचार विनाखर्च झाला असे नव्हे. नंजनगूड, हुणसूर वा हेग्गडदेवनकोटे तालुक्यातून शहरात येणाऱ्या शेतमजुराला प्रत्येक फेरीस बसभाडे व एक दिवसाची मजुरी मोजावी लागते. एचआयव्हीची औषधे एका ठिकाणी, यकृताचा उपचार दुसरीकडे आणि आरएनए चाचणी तिसरीकडे असेल, तर हा भार तिप्पट होतो. त्यात पुन्हा नव्या ठिकाणी आपली स्थिती उघड होण्याची धास्ती असते. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असून संमतीविना चाचणी व माहितीची वाच्यता यांस त्याने मनाई केली आहे. या संरक्षणाची माहिती रुग्णाला समुपदेशनातूनच मिळायला हवी.

यावरून धोरणाची दिशा स्पष्ट होते. एआरटी केंद्रातच हिपॅटायटिस सीची तपासणी व औषधवाटप व्हावे. उपचार संपल्यावर बारा आठवड्यांनी करावयाची अंतिम चाचणी नेहमीच्या भेटीशी जोडली जावी. ही चाचणी न झाल्यास रुग्ण बरा झाला की नाही हे कळतच नाही. तसेच बरे झाल्यावरही पुन्हा संसर्ग होऊ शकतो, हे समुपदेशकाने आवर्जून सांगावे.

औषधाच्या किमतीची मोठी लढाई पुष्कळ अंशी जिंकली गेली आहे. आता उरला आहे तो गावातील घरापासून औषधाच्या खिडकीपर्यंतचा खर्च. तो कमी झाला, तरच उपचार सुरू करण्याचा निर्णय रुग्णाला खऱ्या अर्थाने स्वतः घेता येईल.